परीक्षेआधीची बोलणी

संत्र्याच्या बागा फुलावर आल्या की पांढुर्ण्यात दोन भित्या एकदमच येतात, एक गारांची आणि दुसरी परीक्षेची. सकाळी दार उघडावं तर वाऱ्याबरोबर तो गोड, डोकं किंचित जड करणारा वास आत येतो आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी सनावळ्या घोकत असल्याचा आवाज. लोक म्हणतात, काय सुरेख वास आहे. मला हा वास आवडत नाही. तो आला की आठ-दहा दिवसांत माझ्या ओसरीवर माणसं यायला लागतात, आणि ती येतात ती आपल्या पोरांना माझ्याकडून बोलणी खाऊ घालायला.

परगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. पण आमच्या सौसर-पांढुर्ण्याकडच्या घरांतून मी हेच पाहत आलो. परीक्षेआधी पोराला आंघोळ घालायची, कपाळाला कुंकू लावायचं आणि मास्तरांच्या घरी न्यायचं. पोरानं पाया पडायचं. मास्तरांनी डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "डोक्शात भुसा भरला हाय लेका तुह्या. तू कायचा पास होते? बैलं चार जाऊन." एवढं झालं की आई-बाप समाधानानं घरी जातात. बोलणी जितकी कडक तितका पोरगा वरच्या नंबरात. आणि ज्या मास्तरानं चुकून "हुशार आहे हो पोरगा" म्हटलं, त्यानं त्या पोराला दृष्ट लावली म्हणून समजा.

मुळात आमचा मुलूखच चांगल्याला चांगलं म्हणायला घाबरतो. कपाशी बोंडाबोंडाला फुटून उभी असली तरी शेताच्या धुऱ्यावर बसलेला शेतकरी म्हणेल, "काई नाई जी, सारी अळीनं खाल्ली." संत्र्यांनी वाकलेल्या झाडाला फाटका जोडा टांगतात. बागेत पाय ठेवताच मालक रडायला लागला की व्यापारी ओळखतो, यंदा माल जोरदार आहे. मालक गप्प असला तर मात्र बिचारा खरोखर बुडाला. इथं सगळ्यांना सगळं कळतं, त्यामुळे कोणी कोणाला फसवत नाही.

परवा तिगावची एक बाई सकाळच्या पॅसेंजरनं मुलीला घेऊन आली. मी मुलीकडून इंग्रजीची दोन पानं वाचून घेतली, चार प्रश्न विचारले. मुलगी लख्ख होती. मी म्हणालो, "पास होईल. पहिल्या वर्गात होईल." बाईचा चेहरा एकदम उतरला. पदर तोंडाशी नेऊन ती म्हणाली, "मास्तर, असं काऊन बोलून राहिले जी? काई चुकलं का माह्या पोरीचं?" मुलीच्या डोळ्यांत पाणी. मी पुन्हा सांगायला गेलो तर बाई आणखीच घाबरली. शेवटी आमची मंडळी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "यायचं मनावर नोको घेऊ बाई," ती म्हणाली, "यायले रंगूनचं पाणी लागलं हाय." मग मुलीकडे वळून तिनं तोंड सोडलं, "धोंडा हायेस तू, निव्वळ धोंडा! पेपर तपासणारा आंधळा निघाला तरच पास होशीन." बाई हसली, मुलगी हसली, आणि जाताना दोघी चार संत्री ठेवून गेल्या.

रंगूनचं पाणी. तिथून मास्तरकी करून परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी गावानं ते माझ्या अंगावरून ओघळू दिलेलं नाही. वासाचा आणि रंगूनचा तसा काही संबंध नाही. तिथं संत्र्याच्या बागा नव्हत्या. तिथं मार्चमध्ये नदीचा, सुक्या मासळीचा आणि मुलींच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास यायचा. पण परीक्षेचे दिवस तेच, आणि माझ्या डोक्यात तो ऋतू एकच होऊन बसला आहे.

बोलणी मी स्वतःही पोटभर खाल्ली आहेत. वडील सौसरला शाळामास्तर, रामाकोन्याला थोडी वडिलोपार्जित बाग. त्यांच्या तोंडून मी स्वतःबद्दल एक बरा शब्द ऐकलेला नाही. मॅट्रिकला शाळेत पहिला आलो तेव्हा ते म्हणाले, "बाकीचे बिमार असतीन." नागपूरला बी. ए. झालो तेव्हा म्हणाले, "नागपूरले कोनीबी बी. ए. होते." बाजारातही ते हेच सांगत आणि बाजारातली माणसं त्यांचं अभिनंदन करत. त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. एका साध्या वाक्याची मी जन्मभर वाट पाहिली, ते मिळालं नाही, आणि याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मी त्यांच्याच वर्गात होतो. शाळेत पेढे वाटले, झेंडा चढला. वडील आम्हाला म्हणाले, "इंग्रज गेला. आता इंग्रजी कायले शिकता? तशीबी तुमाले येऊन नाई राहिली." आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास त्यांनी इंग्रजीचाच घेतला, छडी हातात ठेवून. त्या छडीचे वळ आणि ती बोलणी घेऊन मी इंग्रजीचा मास्तर झालो. तेव्हा मी छातीठोकपणे सांगत असे की वडिलांनी मला घडवलं. आज छातीठोकपणे काही सांगवत नाही.

रंगूनला गेलो तो एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर. तिथल्या एका खासगी शाळेला इंग्रजीचा मास्तर हवा होता. इंग्रज तिथूनही गेला होता आणि जाताना आपली मास्तर मंडळी घेऊन गेला होता. इंग्रजाला हाकलून दिलेल्या एका देशातला माणूस इंग्रजाला हाकलून दिलेल्या दुसऱ्या देशात जाऊन इंग्रजी शिकवणार, यातली गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर वडील सोडायला आले होते. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "तिथं लोकायची लेकरं बिघडवू नोको." सोडायला आलेल्या बाकीच्यांनी टाळ्या दिल्या. मी खिडकीतून हात हलवला. कलकत्त्याहून बोट, तीन दिवस उलट्या, आणि चौथ्या दिवशी मातकट नदीच्या पलीकडे तो सोन्याचा पॅगोडा, सौसरच्या पोराला खरा वाटू नये इतका मोठा.

मला रंगून आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. गल्ल्यांना नावं नव्हती, आकडे होते. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक गॅलरीतून खाली एक दोरी लोंबकळत असे, तिच्या टोकाला चिमटा. पेपरवाला चिमट्यात पेपर अडकवून दोरी ओढायचा आणि वर घंटी वाजायची. सकाळी कोपऱ्यावर माशाच्या रश्शातल्या शेवया. त्या मी पहिले सहा महिने नाक धरून टाळल्या आणि मग रोज खाल्ल्या, घरी कळवलं नाही. चहाच्या दुकानात वीतभर उंचीच्या स्टुलांवर बसायचं, गुडघे कानाशी. बसगाड्यांच्या, सायकलरिक्षांच्या, कावळ्यांच्या त्या कलकलाटात मला कोणी ओळखत नव्हतं आणि तरीही सगळे मान देत होते.

कारण मी सया होतो. तिकडे शिक्षकाला सया म्हणतात. बुद्ध, धर्म, संघ, आई-बाप आणि सया अशी पूज्य पाचांची रांग त्यांनी लावलेली आहे आणि त्या रांगेत मास्तर शेवटचा असला तरी रांगेत आहे. म्हातारी माणसं माझ्यासमोरून जाताना वाकून जात. सौसरला मी अमक्या मास्तरांचा बी. ए. झालेला ढ पोरगा होतो. रंगूनला मी जे बोलेन ते लोक डोळे मिटून घरी घेऊन जात. त्या मानाची चटक लागली मला. दारूची लागते तशी लागली.

माझ्या मॅट्रिकच्या वर्गात खिन होती. वयानं विशीची, कारण लढाईच्या वर्षांत शाळाच नव्हत्या. वर्गातली निम्मी मुलं अशी थोराड होती. गालांवर चंदनासारख्या खोडाचा पिवळसर लेप, पाठीवर एकच वेणी. आई-बाप लढाईत गेलेले, मामानं वाढवलेली. मामाचं बाजारात मखमली चपलांचं दुकान होतं. खिनला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिनं पहिल्याच महिन्यात मला सांगितली: मॅट्रिक व्हायचं, कॉलेजात जायचं आणि इंग्रजी शिकवायचं. "तुमच्यासारखं," ती म्हणाली होती. कोणी मला असं म्हणण्याची ती पहिली वेळ होती.

एकदा मी 'प्रवास' या विषयावर निबंध लिहायला दिला. सगळ्यांनी मंडालेच्या आगगाडीचं लिहिलं. खिननं लढाईतलं लिहिलं. मामाबरोबर बैलगाडीतून पळताना चाकाचं वंगण संपलं, आसातून किंकाळीसारखा आवाज येऊ लागला आणि सगळ्यांना वाटलं की आता हा आवाज विमानांना ऐकू जाणार. तेव्हा मामानं तिला उतरवलं, तिच्या केसांतलं खोबरेल दोन्ही हातांनी पिळून काढलं आणि आसाला चोळलं. चाक गप्प झालं. पुढचे तीन दिवस तिच्या केसांत धूळ जाऊन त्यांच्या दोऱ्या झाल्या. एवढंच लिहिलं होतं, दीड पान, एक चूक नाही. मी ते तीनदा वाचलं. माझ्या अंगावर काटा आला. आणि मग लाल शाईची दौत ओढून मी खाली लिहिलं: 'सुमार. पाल्हाळ फार.'

तिनं तो निबंध पुन्हा लिहिला. मी पुन्हा 'सुमार' लिहिलं. वर्गात उभं करून सांगितलं की तुझ्यासारखीनं दुकानात बसावं. मान खाली घालून ती ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाठ करून यायची. पोरगी वाळत चालली होती आणि मला वाटत होतं की पिकून राहिली आहे. मागच्या बाकांवरची दोन मुलं माझी बोलणी सहन न होऊन शाळा सोडून गेली; मी म्हणालो, भुसा होता, उडाला. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. वडील माझ्या तोंडून बोलत होते आणि या खेपेला बोलणी खाणारा मी नव्हतो.

त्याच हिवाळ्यात घरून पत्र आलं. राज्यांची नवी वाटणी झाली होती. नागपूर आणि विदर्भ मुंबईकडे गेले, आणि आमचा सौसर-पांढुर्णा, बोलणं-चालणं-सोयरीक सगळी नागपूरकडची असूनही, मध्य प्रदेशातच राहिला. वडिलांनी लिहिलं होतं की आता शाळेत हिंदीचे कागद येऊ लागलेत, आणि वर आपला एक शोधही लिहिला होता. त्यांच्या मते कोणी साहेब चौकशीला आला असेल आणि आपल्या लोकांना विचारलं असेल की नागपूरकडे जायचं का. आपले लोक सवयीनं म्हणाले असतील, "आमाले काय जी, कुठंबी ठेवा, मेलेलीच मानसं आमी." साहेब परमुलखातला. त्यानं तसंच लिहून घेतलं असेल. हे खरं नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं. पण मी ते पत्र हातात धरून खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. चार दिवस हसत होतो. पत्रात काय लिहिलं आहे ते मात्र मला कळलं नाही.

कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं. चारच आठवड्यांनी खिनचा मामा माझ्या खोलीवर आला. बारीक अंगाचा, नेटका माणूस, कमरेच्या लुंगीच्या गाठीत परीक्षेचा फॉर्म नीट घडी करून खोचलेला. पालकाची सही हवी होती. त्याला बाजारातली मोडकी हिंदुस्थानी येत असे. तो जमिनीवर बसला, मी खुर्चीत. तो म्हणाला, "सया, एक बात सच बोलो. खिन पास होगा? होगा तो हम कॉलेज भेजेगा, दुकान में दूसरा आदमी रखेगा. नहीं होगा तो बोलो. हम अभी सही करेगा, या नहीं करेगा." त्यानं फॉर्म काढून गुडघ्यावर ठेवला. दुसऱ्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

त्या क्षणी मला किती आनंद झाला होता ते सांगता येत नाही. माझी इतकी चांगली विद्यार्थिनी, आणि तिचा मामा चालत माझ्या दारी आलेला. अगदी सौसरच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं. छाती भरून आली आणि मी घोळवून घोळवून म्हणालो, "खिन? उसके दिमाग में तो भूसा भरा है. वो क्या पास होगी! दुकान में बिठाओ उसको." आणि तो हसेल म्हणून थांबलो.

तो हसला नाही. त्यानं पेनाचं टोपण लावलं. फॉर्मची पुन्हा तशीच घडी केली आणि गाठीत खोचली. मग गुडघे टेकून, हात जोडून, कपाळ जमिनीला लावून त्यानं मला तीनदा नमस्कार केला. "दूसरा लोग मीठा झूठ बोलता," तो म्हणाला, "सया ने सच बोला." आणि गेला. मला जरासं खटकलं, नाही असं नाही. पण मी म्हणालो, ही माणसं गंभीर असतात. गल्लीत जाऊन हसेल.

दुसऱ्या दिवसापासून खिन शाळेत आली नाही. मला आनंद झाला. सौसरला बोलणी खाल्ल्यावर पोरं असंच करतात, दार लावून अभ्यासाला बसतात. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी तिच्यासाठी दोन जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळवून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर लाल शाईनं काहीच लिहिलेलं नव्हतं. परीक्षेच्या पहिल्या सकाळी मी केंद्राच्या दारात उभा राहिलो. मुलं आली, घंटा झाली, दार बंद झालं. खिन आली नाही. पेपर सुटल्यावर मी तिच्या एका मैत्रिणीला विचारलं. तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "पण सया," ती म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलंत ना?"

ही गोष्ट मी पांढुर्ण्यात शंभरदा सांगितली आहे. पानाच्या दुकानावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या खोलीत. मामाच्या नमस्कारापर्यंत आलो की लोक हसून हसून लोटपोट होतात. "भोळा मानूस बाप्पा! खरंच समजला का?" माझ्या गोष्टीत पुढं मी धावत जातो, मामाला आमच्याकडची रीत समजावून सांगतो, तो कपाळावर हात मारून घेतो, आणि खिन पुढच्या वर्षी पहिल्या वर्गात पास होते. आमच्या मंडळीला हाच शेवट ठाऊक आहे. मुलांनाही. त्यामुळे परीक्षेआधी मी पोरांना बोलणी देत नाही याचं कुणाला फार वाईट वाटत नाही. मास्तर एकदा फसले, तेव्हापासून दबकतात, एवढंच.

रंगूनला मी त्या प्रकरणानंतर आणखी दोन वर्षं होतो. शाळेनं माझी मुदत वाढवली. त्या दोन वर्षांत मी त्या बाजाराच्या रस्त्यानं एकदाही गेलो नाही. लांबचा वळसा घालून शाळेत जायचो आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जायचो. मग वडील अंथरुणाला खिळल्याची तार आली आणि परतलो. मला पाहून ते म्हणाले, "आला का? हाकलला असंन त्याईनं." त्या उन्हाळ्यात ते गेले. माय नंतर सांगे की माझी रंगूनची पत्रं ते बाजारात मोठ्यानं वाचून दाखवत. असतील दाखवत. बाजारानं ऐकलं, मी नाही ऐकलं.

खरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मामाकडे मी गेलो होतो हे खरं आहे. धावत नाही गेलो. परीक्षा संपून पंधरा दिवस झाले होते, तिकडच्या नव्या वर्षाच्या, पाणी उडवायच्या सणाचे दिवस जवळ आले होते, आणि रस्त्याकडेची झाडं एका रात्रीत पिवळ्या फुलांनी डवरली होती. घरून निघताना मी सगळी वाक्यं हिंदुस्थानीत जुळवून घेतली होती. मेरी गलती है. हमारे गाँव में ऐसा उल्टा बोलते हैं. लड़की होशियार है. अगले साल फॉर्म भरो. चार वाक्यं, जास्त नाहीत.

दुकान लहान होतं, पण गिऱ्हाईक होतं. मला पाहताच मामा उठला, त्यानं बाकावरच्या दोन बायकांना उठवून मला बसवलं, आणि सगळ्यांना बर्मी भाषेत काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही, पण त्या बायकांनी हात जोडले. मग तो माझ्यासाठी हिंदुस्थानीत म्हणाला, "हम बोला, यह वह सया है जो झूठ नहीं बोलता." शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ तिथंच चपला पाहत होते. त्यांनीही मान लववली. त्याच आठवड्यात माझ्या मुदतवाढीचा कागद त्यांच्यापुढे जाणार होता. पण तो कागद हे निमित्त झालं. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा भरल्या दुकानात कोणी माझं तोंडावर कौतुक करत होतं, आणि मला ते आणखी थोडा वेळ हवं होतं.

खिन आतून आली. लेप नव्हता, वेणीचा अंबाडा झाला होता. मामा म्हणाला, "सया, यह अभी भी पूछता है. अगला साल परीक्षा देगा बोलता है. रोज बोलता है. हमारा नहीं सुनता. आप बोलो, आपका सुनेगा." आणि दोघंही माझ्याकडे पाहायला लागली. मामा आदरानं पाहत होता. खिनच्या डोळ्यांत आदर नव्हता. तिथं नुसती विनवणी होती, सबंध दुकानासमोर उघडी. मी हो म्हणावं एवढंच तिला हवं होतं. एक 'हो', आणि त्या माणसानं तिथल्या तिथं सही केली असती.

ती चार वाक्यं माझ्या तोंडात होती. कमिटीचे गृहस्थ ऐकत होते. बायका ऐकत होत्या. मी मान हलवली. आडवी. "नहीं," मी म्हणालो, "जो बोला वही सच है."

मामानं सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा. त्यानं फळीवरून तांबड्या मखमलीची एक नवी जोडी काढली आणि खिनच्या हातात दिली, सयांना भेट. ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. माझ्या जुन्या चपला काढल्या, पायांवरची धूळ हातानं पुसली, आणि नव्या चपला एकेक करून घातल्या. अंगठ्याजवळ बोट दाबून पाहिलं. वर न पाहता तिनं स्वच्छ इंग्रजीत विचारलं की कुठं लागत तर नाही ना. मी म्हणालो, नाही, अगदी बरोबर बसल्या आहेत. मग ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायांशी सरकली, आणि मी त्या चपला घालून घरी आलो.